नाल्यासाठी राखून ठेवलेला मुद्दा

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गावात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि माझ्या चुलतभावाला तर आम्ही चड्डीत होतो तेव्हापासून माहीत आहे. आमच्या वयात चार महिन्यांचं अंतर. तो मोठा. त्या चार महिन्यांच्या जोरावर तो आयुष्यभर पुढे चालला आणि मी मागे. शेताकडे जाणारी आमची पायवाट एकच माणूस चालेल इतकी अरुंद आहे, त्यामुळे हा क्रम बदलायचा प्रश्न कधी आलाच नाही.

बुलढाण्याहून खामगावकडे जाताना जे जंगल लागतं, त्याच्या कडेला आमचं गाव. शेत गावापासून दीडेक किलोमीटरवर, अगदी अभयारण्याला खेटून. दोघांचं मिळून भाजीचं रान. उन्हाळ्यात भेंडी लावायचो. भेंडीचं एक वाईट असतं, ती दिवसाआड तोडावीच लागते. एक दिवस चुकला की जून होते आणि मग बाजारात कोणी विचारत नाही. सकाळी उजाडता उजाडता तोडायची, कॅरेटमध्ये भरायची, आणि आठच्या आत रस्त्यावर ऑटोत टाकून बुलढाण्याला पाठवायची. धाडच्या बाजाराचा दिवस असला तर त्याहून लवकर.

आणि शेताच्या वाटेत तो नाला. उन्हाळ्यात सगळा कोरडा, पण उंबराखाली एक खोलगट जागा आहे, तिथं मे महिन्यापर्यंत पाणी टिकतं. वर पिकलेली उंबरं, खाली पाणी, दोन्ही बाजूंनी बोरीची आणि करवंदीची जाळी. अस्वलाला आणखी काय पाहिजे?

आमच्याकडे अस्वल ही गोष्टीतली वस्तू नाही. ज्यांचं शेत आमच्या बांधाला लागून आहे, त्या काकांना या गोष्टीच्या आदल्या वर्षी अस्वलानं धरलं होतं. वाचले. पण तेव्हापासून ते अर्ध्या तोंडावर दुपट्टा घेऊन फिरतात. चहाच्या टपरीवर चहा पिताना तो दुपट्टा एवढासा बाजूला करतात, आणि त्या वेळी मी दुसरीकडे बघतो. मला वाईट वाटतं म्हणून नाही. मला भीती वाटते म्हणून.

काकांचं झाल्यावर वनरक्षक गावात आला आणि मारुतीच्या पारावर सगळ्यांना बसवून त्यानं समजावलं. तो म्हणाला, "अस्वल काही मानसाच्या मागं लागत नाही. त्याले कमी दिसते. खाण्यात गुंग असलं का ध्यानही नसते त्याचं. तुम्ही गुपचूप त्याच्या अंगावर जाता, ते भेते, अन् भेलं का सरळ तोंडावर येते. म्हणून बोलत जा. मोठ्यानं बोला. आपण येऊन राह्यलो, हे त्याले दुरून समजू द्या."

तेव्हापासून आमच्या गावची सकाळ बोलकी झाली. कोणी भजन म्हणत शेतात जातं. एक म्हातारेबाबा दोन वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाला शिव्या देत जातात. एक जोडपं तर घरातलं भांडण वाटेसाठी शिल्लक ठेवतं. काकांना अस्वलानं धरलं तेव्हा ते गप्पच चालले होते, त्यांना एकट्यानं बोलायची लाज वाटायची.

आम्ही दोघं गिटारवाल्यांवरून भांडत जायचो.

हे कुठून आलं, तेही सांगतो. कॉलेजला असताना आम्ही बुलढाण्यात एका भाड्याच्या खोलीत राहायचो. आमच्याबरोबर नागपूरचा एक पोरगा होता. तो शिक्षण सोडून गेला आणि जाताना भाड्यातला त्याचा हिस्सा म्हणून एक मेमरी कार्ड ठेवून गेला. त्यात रॉकची गाणी होती, सगळी इंग्रजी, आणि फोल्डर दोनच. एका फोल्डरमध्ये एक गिटारवाला, दुसऱ्यात दुसरा. शब्द आम्हाला कळत नसत, पण मध्ये जिथं गाणारा थांबतो आणि गिटार सुरू होते, तिथं आम्ही दोघं भिंतीला टेकून बसायचो. एक फोल्डर त्यानं धरला, दुसरा मी. जगात तिसरा गिटारवाला असेल, असं आमच्या मनातही आलं नाही. त्यांची नावं मी इथं घेत नाही. नाव घेतलं की वाचणारा लगेच एक बाजू धरून बसतो, आणि आमचा वाद आमचाच राहिलेला बरा.

त्याचा तो जोरवाला. एका दमात इतके सूर काढायचा की मोजायची सोय नव्हती. माझा तो हळूवाला. एक सूर काढायचा आणि तो विरेपर्यंत थांबायचा.

भाऊ पुढून म्हणायचा, "तो थांबते काऊन, माहीत हाय का तुले? पुढचं येत नाही त्याले."

"थांबायलेच अक्कल लागते बे."

"मंग तुले लय अक्कल असन. तू तं दहावीलेच दोन वर्षं थांबला होता. तुह्या हळूवाल्याले भेंडी तोडायले लावली, तं दुपार होईन."

"अन् तुह्या जोरवाल्याले लावली, तं भेंडीसंगं झाडही उपटून आणन."

असं ओरडून ओरडून चालायचं. पहिल्यांदा आम्ही फोनवर गाणीच लावून पाहिली होती. पण गाणं वाजत असलं की जाळीतलं काही ऐकू येत नाही, आणि मला तर पान हललेलं ऐकू आलं पाहिजे. शिवाय आज कोणाचं लावायचं यावरून रोजची कटकट. तेव्हा गाणी राहिली आणि कटकट उरली.

हळूहळू त्या कटकटीचे नियम ठरले. कोणी ठरवले नाहीत, पडले. बोलणं तुटू द्यायचं नाही. समोरच्याचं पटलं तरी पटलं म्हणायचं नाही, कारण पटलं की विषय संपतो. आणि सगळ्यात चांगला मुद्दा नाल्यासाठी राखून ठेवायचा. गावाबाहेर पडल्यावर साधे मुद्दे, पळसाच्या रानात मधले, आणि नाल्याची उतरण लागली की ठेवणीतला. नाल्यात कोणालाही शब्द कमी पडता कामा नये. मी रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या दुसऱ्या दिवसाचा मुद्दा शोधत असायचो. बायको विचारायची, काय पुटपुटून राह्यले? मी म्हणायचो, भेंडीचा हिशेब.

माझी काकू, म्हणजे भावाची आई, आम्ही परत आलो की अंगणातून विचारायची, "आज कोण जितलं रे?" आम्ही दोघं एकदम म्हणायचो, "मी." मग ती समाधानानं आत जायची. तिला गिटार म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आपली पोरं बोलत गेली आणि बोलत आली, एवढं तिला पुरे होतं.

खरं तर मलाही एवढंच पुरायला हवं होतं. पण माणसाला जिंकायची खाज असते आणि भित्र्या माणसाला जरा जास्तच.

एप्रिलमधली गोष्ट. संध्याकाळी मी फोन बघत बसलो होतो, तर कुठल्याशा वेबसाइटवरची एक यादी पुढे आली. जगातले सगळ्यात मोठे गिटारवाले, लोकांच्या मतांप्रमाणे, क्रमानं. मी अंगठ्यानं यादी खाली ढकलत गेलो. माझा हळूवाला सापडला. त्याच्या बराच खाली भावाचा जोरवाला. मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. यादी कोणी केली, मतं कोणाची, मला काही देणंघेणं नव्हतं. नाल्यापाशी रेंज नसते, म्हणून मी त्याचा फोटो काढून ठेवला. भावाचं घर समोरच होतं. तेव्हाच जाऊन दाखवता आलं असतं, पण इतका चांगला मुद्दा मी अंगणात वाया घालवणार नव्हतो.

सकाळी निघालो. दोघांच्या डोक्यावर दोन-दोन रिकामे कॅरेट. भाऊ पुढे. पळसाच्या रानात तो रंगात होता, मी मुद्दाम कच्चे मुद्दे देत होतो. एकदा तो म्हणालासुद्धा, "आज तुहा हळूवाला आजारी दिसते." मी मनात हसलो. उतरण संपली, आम्ही नाल्यात उतरलो, आणि उंबराच्या थोडं अलीकडे मी म्हणालो, "थांब."

तो थांबला. मी त्याला फोन दिला.

इंग्रजी तो सावकाश वाचतो. ओठ हलतात पण आवाज येत नाही. मी एका हातानं डोक्यावरचे कॅरेट धरून, त्याच्या खांद्यावरून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. किती वेळ गेला असेल? मिनिट, दीड मिनिट. त्या नाल्यात, त्या उंबरापाशी, आम्ही दोघं एका फोनवर माना घालून गप्प उभे होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

त्यानं फोन परत दिला. मला वाटलं, आता उसळेल. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "बरं बाप्पा. तुहाच मोठा." आणि कॅरेट सावरून तो चालायला लागला.

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. त्याचा चेहरा उतरला होता. मी काहीतरी बोलायचं, त्याला परत पेटवायचं, निदान खोकायचं. पण मी जिंकलेलो होतो, आणि जिंकल्यावर काय बोलायचं याची मी कधी तयारीच केली नव्हती. आठ-दहा पावलं आम्ही गप्प चाललो.

उंबराच्या बुंध्यामागून ती उठली. अस्वलीण होती, पाठीवर पिल्लू. भाऊ तिच्यापासून दोन हातांवर होता. तिनं जो आवाज काढला तो मी अजून कोणाला करून दाखवलेला नाही. मला वाटतं, तीही आमच्याइतकीच भ्याली होती. मग ती त्याच्यावर आली, आणि तो खाली गेला.

मी ओरडलो नाही. हे मला स्वच्छ लिहायचं आहे. रोज सकाळी गाव ऐकेल इतकं ओरडणारा मी, माझ्या तोंडातून एक अक्षर फुटलं नाही. बोबडी वळते म्हणतात, ती वळायलाही आधी जीभ हलावी लागते. मी उभा होतो आणि बघत होतो. शेवटी डोक्यावरचे कॅरेट आपोआप घसरून दगडावर आपटले, त्यांचा मोठा आवाज झाला, आणि त्या आवाजानं माझे हात जागे झाले. मग मी एक कॅरेट उचलून दगडावर आपटत राहिलो. ते फुटलं, तरी आपटत राहिलो. ती कधी गेली, ते मला दिसलंच नाही.

भावाचा डावा गाल आणि जबडा. डावा हातही, कारण तो त्यानं तोंडावर घेतला होता. माझा दुपट्टा त्याच्या तोंडाला गुंडाळून मी त्याला रस्त्यापर्यंत कसा आणला, ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की येताना मी सारखं बोलत होतो. काय बोलत होतो, देव जाणे.

बुलढाण्याला टाके घातले आणि जबड्यासाठी अकोल्याला न्यायला सांगितलं. ऑटोतून काकू आली. तिनं आधी पोराला पाहिलं. मग व्हरांड्यात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती. तिनं विचारलं, "तुम्ही बोलून राह्यले होते ना रे?"

मी म्हणालो, "हाव काकू. बोलून राह्यलो होतो."

ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "मंग नशीबच होतं."

अस्वलाची भीती काय असते ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी व्हरांड्यात दुसरी भीती सुरू झाली, आणि ती अस्वलापेक्षा वाईट निघाली. अकोल्याला डॉक्टरांनी त्याचा जबडा तारेनं बांधला. पाच-सहा आठवडे बोलता येणार नाही, म्हणाले. सगळे म्हणाले, अरेरे. मला मनातल्या मनात सुटल्यासारखं झालं. झालं ते झालं, सांगायला लाज वाटते. पण मग मी दिवस मोजायला लागलो. तार निघेल त्या दिवशी तो तोंड उघडेल आणि पहिल्यांदा काय सांगेल? सांगेल, की यानं मला नाल्यात थांबवलं. सांगेल, की यानं मला गप्प केलं. काकूला, बायकोला, सगळ्या गावाला. आणि ते खोटं नसेल.

त्याला लिहायला एक वही दिली होती. मी भेटायला गेलो की तो वही ओढायचा आणि मी दाराकडे बघायचो. तो लिहायचा, "उशी." लिहायचा, "पंखा." एकदा बराच वेळ लिहीत राहिला, मी घाम पुसत बसलो. वही फिरवली तर लिहिलं होतं, "भेंडी कोण तोडून राह्यलं?"

मी म्हणालो, "मी." तेही खोटंच. नाला ओलांडायची माझी छाती नव्हती. मी डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा घालून दोन-तीनदा गेलो, तोवर ऊन चढलेलं असायचं, आणि भेंडी जून होऊन झाडावरच वाळली.

तार निघाली, तो घरी आला. जबडा एका बाजूला ओढलेला, बोलणं जाडसर, पण कळत होतं. पहिल्या दिवशी अंगणात माणसं जमली. पिंपळगाव राजाहून त्याचे मामा आले होते. दुपट्टावाले काकाही येऊन त्याच्या शेजारी बसले. मी दाराशी उभा होतो, म्हणजे पळता आलं असतं अशा ठिकाणी.

मामा म्हणाले, "काऊन रे, फारेस्टवाल्यानं सांगतलं होतं ना, बोलत जा म्हणून?"

काकू म्हणाली, "बोलूनच राह्यले होते. हो का नाही रे?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. तो पाण्याचा एक घोट प्यायला, त्यातलं अर्धं गालावरून ओघळलं, ते त्यानं बाहीनं पुसलं.

"हाव माय," तो म्हणाला. "हा यादी वाचून दाखवून राह्यला होता."

वाचून कोणी दाखवलं नव्हतं. ते त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही, मीही काढला नाही, आणि गिटारवाल्यांचं नाव आमच्या घरांत बंद झालं. यादीचा फोटो मी पुसून टाकला. मला वाटायचं, त्यानं मला वाचवलं खरं, पण माफ केलं का? विचारायची भीती वाटायची.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर टमाट्याची रोपं लावायची होती. एके दिवशी उजाडताना तो माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "चाल." मी म्हणालो, रस्त्यानं जाऊ. तो म्हणाला, "रोपं सुकतीन. नाल्यानं चाल. पण तू पुढं व्हय."

आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे चाललो. पुढे चालणाऱ्याला काय दिसतं, ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक झुडूप आपल्यासाठीच उभं असतं. मागून त्याची पावलं ऐकू येत होती. आम्ही बोलत होतो, पण रोपं, औषध, मजुरी असलं काहीतरी, आणि मोठ्यानं. पळसाचं रान गेलं. उतरण लागली.

एक गोष्ट मी त्या नाल्यासाठी राखून ठेवली होती. सहा महिने मी ती मनात घोळवत होतो. त्याचा गाल मी त्याला परत देऊ शकत नव्हतो. पण एक गोष्ट माझ्या हातात होती. उंबर दिसलं तसा मी न वळता मोठ्यानं म्हणालो, "आयक. ती यादी खोटी होती. तुहाच मोठा. जोरवाला. मी हारलो."

मागची पावलं थांबली.

मी वळून पाहिलं. तो जागच्या जागी उभा होता, रोपांचा ट्रे छातीशी धरून, आणि उंबराकडे बघत होता. पाखरू ओरडत नव्हतं. मग तो झपाझप पुढे आला आणि त्यानं माझ्या शर्टाची पाठ मुठीत धरली. तो हात डावा होता, नीट मिटत नाही तो. लहानपणापासून मी या माणसाच्या मागे चाललो ते याला कशाची भीती वाटत नाही म्हणून.

"हारू नको बे," तो म्हणाला. "इथं हारू नको. मले भेव लागते."

मी दोनदा घसा खाकरला. मग उंबराच्या दिशेनं तोंड करून, पार जंगलात ऐकू जाईल असा ओरडलो, "तुह्या जोरवाल्याले थांबता येत नाही."

"तुह्यावाल्याले चालता येत नाही," तो माझ्या मानेपाशी ओरडला, आणि आम्ही पाऊल उचललं.